चार जनावरांचा गोठा

त्या साली वारा सुटायच्या आधीच आमचं दूध परत आलं.

केंद्रावरच्या माणसाने कॅनचं झाकण काढलं, नाक आत घातलं आणि मान अशी झटक्यात मागे घेतली, जणू मी त्याच्यापुढे गटार उपसून ठेवलं होतं.

"तेलाचा वास येतोय," तो म्हणाला.

"तुझ्या हातांना येत असेल. सकाळी गाडी पुसून आलास ना?"

मागे रांगेत दोघं-तिघं हसले. तो हसला नाही. त्याने बोट बुडवून चाटलं, बाजूला थुंकला आणि कॅन माझ्याकडे सरकवला. "काकू, कालचंही असंच होतं. तुमच्याकडे बघून गप्प बसलो. आज टाकीत ओतलं तर सगळ्यांचं नासेल."

चाळीस वर्षं मी दूध घालते आहे. पाण्याचा आळ घ्यायची कोणाची छाती झाली नाही. कॅन उचलला आणि निघाले. रिकामा कॅन वाटेने खडखडतो, भरलेला गप्प असतो. ज्याला कान आहेत त्याला दारात बसल्या बसल्या कळतं की हिचं दूध परत चाललं आहे. त्या दिवशी सगळ्या गावाला कान होते.

तेल आलं कुठून हे मला माहीत होतं. आमच्या वरच्या वावरात तो पंखा उभा आहे ना, त्याच्या डोक्यातून.

लांबून बघणाऱ्याला तो छान दिसतो. पांढरा, उंच, तीन पात्यांचा. धूर न होता वीज होते म्हणून सगळ्या जगाला असे पंखे हवेत, असं पहिल्या कंपनीचा साहेब म्हणाला होता. जगाला हवेत तर जगाने आपापल्या परसात लावावेत, असं मी आता म्हणते. तेव्हा म्हणाले नाही. तेव्हा मला तो माझ्याच वावरात हवा होता.

सोळा वर्षांत त्याचे तीन मालक झाले. पहिल्या कंपनीने दुसरीला विकला, दुसरीने तिसरीला, आणि ही तिसरी समुद्रापलीकडची. माझा मुलगा त्याचा राखणदार. पहिल्या कंपनीने त्याला निळं जाकीट दिलं. दुसरीने जाकिटावरच्या नावावर चिकटवायला आपल्या नावाची पट्टी दिली. तिसरीने पट्टीसुद्धा दिली नाही. दोन वर्षांपूर्वी पंख्याच्या डोक्यातली दातेरी चाकं झिजली. नवी बसवायची तर पंख्याने पुढे जेवढी वीज केली असती तिच्याहून ती महाग, म्हणून कंपनीने त्याला ब्रेक लावला, पायथ्याच्या दाराला कुलूप घातलं आणि फोन उचलायचं सोडून दिलं. मुलगा तरी रोज सकाळी जाकीट घालून पायथ्याशी जाऊन बसायचा.

"राखण कशाची करतोस?" मी एकदा विचारलं. "चोर तो खांद्यावर टाकून नेणार आहे का?"

"नोकरी गेली असं मला कोणी सांगितलेलं नाही, आई."

"आहे असं तरी कोणी सांगितलंय?"

त्याने चपलेला हात घातला. बापासारखाच आहे. बोलायची वेळ आली की चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकतो.

बंद पंख्याचं तेल गळत गळत पांढऱ्या खांबावरून उतरलं आणि वारा ते चाऱ्यावर शिंपडायला लागला. आम्ही चारा धुवायला सुरुवात केली. सूनबाई पेंढी पाण्यात बुडवायची, मी कपडे धुवायच्या पावडरीने पात पात चोळायची, मुलगा स्वच्छ पाण्यातून काढून कुंपणावर टाकायचा. चार जनावरांचा चारा तिघांनी धुवायचा म्हणजे सकाळची दुपार व्हायची. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, त्यात पावडर जायची. एवढं करून गायी हुंगायच्या आणि तोंड फिरवायच्या.

"आत्याबाई," सूनबाई एक दिवस म्हणाली, "विहिरीवर बघा."

पाण्यावर रंग होते. निळा, जांभळा, पिवळा. दिसायला इतके सुंदर की मला ओरडावंसं वाटलं.

मग वारा सुटला. आमच्याकडचा वारा सुटला की तीन महिने थांबत नाही, म्हणून तर ते लोक इथे आले. चौथ्या दिवशी सकाळी वरून आवाज आला, जाड लाकूड तडकावं तसा. सूनबाई वावरात चारा कापत होती. मी ओरडले, पण वारा माझ्याच तोंडात परत आला. पात्याचा तुकडा गरगरत आला आणि तिच्यापासून दहा पावलांवर जमिनीत रुतला. दाराच्या फळीएवढा. ती विळा हातात धरून तशीच बसून राहिली. मी पोचले तेव्हा तिचे दात वाजत होते आणि तिने मुठीतला चारा सोडला नव्हता. सोडवायला मला तिचं एकेक बोट उघडावं लागलं.

आठ दिवसांत कचेरीची नोटीस आली. धोकादायक बांधकाम जमीनमालकाने उतरवून घ्यावं, नाहीतर कचेरी उतरवील आणि खर्च जमिनीवर चढवील.

वकीलबाईंची खोली बाजारात टायरच्या दुकानावर होती. जिन्यापासून रबराचा वास. बसायला दोन खुर्च्या, त्यातली एक लंगडी. ती मी घेतली, कारण सूनबाईला कागद वाचायचे होते. मी चौथीपर्यंत शिकले. सही येते, अक्षर लावता येतं, पण कराराची भाषा म्हणजे बारीक खडे घातलेला भात. दर घासाला थांबावं लागतं.

"करारात लिहिलंय," वकीलबाई म्हणाल्या, "पंख्याचं काम संपलं की कंपनीने स्वतःच्या खर्चाने तो उतरवायचा, पाया उकरायचा आणि जमीन होती तशी करून द्यायची."

"मग झालं तर!"

"तंटा झाला तर तो कंपनीच्या देशातल्या पंचापुढे चालेल, असंही लिहिलंय. त्यांच्या भाषेत."

"माझ्या वावराचा तंटा?"

"तुमच्याच वावराचा. सही आहे तुमची. पंच निदान पडद्यावर ऐकायला तयार झालेत, तेवढं मी मिळवलं. पण कंपनीने हे पाठवलंय." त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. वरून, पार आभाळातून काढलेला फोटो. पंख्याचा पांढरा ठिपका, त्याची लांब सावली, आणि सावलीच्या टोकापुढे एक पत्र्याचं छप्पर. छपराबाहेर दोरीवर निळी चादर.

"ही माझी चादर," मी म्हणाले. "यांना लाज नाही? लोकांचं वाळत घातलेलं बघतात!"

"कंपनी म्हणते, हे राहतं घर आहे."

"घरच आहे ते. आंधळे आहेत का?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, थांबा. पुढचं बोलायच्या आधी हे ऐका." आणि त्यांनी करारातलं एकच वाक्य वाचलं. पंख्यापासून अडीचशे मीटरच्या आत माणसांचं राहतं घर नाही, जे आहे तो जनावरांचा गोठा आहे, असं जमीनमालक लिहून देत आहे. हे खोटं निघालं तर कंपनी सगळ्या जबाबदारीतून मोकळी, आणि पंखा त्या दिवसापासून जमीनमालकाचा.

"म्हणजे पंखा माझा?"

"तुमचा. तेल तुमचं, पातं तुमचं, उतरवायची क्रेन तुमची. उद्या कोणाच्या अंगावर पडला तर खटलाही तुमच्यावर. त्यांना तेच हवंय."

"आणि गोठा म्हटलं तर?"

"तर त्यांनाच उतरवावा लागेल. पण एकदा गोठ्याचा शिक्का बसला की ते घर कागदावर पुन्हा कधी घर होणार नाही. पंच तपासनीस पाठवणार आहेत, बघायला." त्या माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं सांगा म्हणणार नाही. कागदात काय आहे तेवढं सांगितलं."

खाली उतरल्यावर सूनबाईने मला टायरच्या ढिगावर बसवलं. ती लग्न होऊन आली त्याच्या आधीची ही गोष्ट. "आत्याबाई, घराला गोठा कोणी लिहून दिलं?"

"मी."

"का?"

मी तिला सगळं सांगितलं. जमेल तेवढी स्वतःची बाजू घेऊन सांगितलं, पण ती बाजू फार पुरली नाही.

पंख्याच्या खुंट्या पहिल्यांदा माझ्या धाकट्या जावेच्या वावरात ठोकल्या होत्या. तिच्या वावराजवळ घर नाही, जागा मोकळी, साहेब खूश. बांधाच्या पलीकडे पंखा होणार, दर वर्षी त्याचं भाडं तिला येणार आणि मी रोज मान वर करून तो बघणार. मला चार रात्री झोप नव्हती. साहेबाला मी म्हणाले, वारा आमच्या बांधावर जास्त आहे. ते खरं होतं. तो म्हणाला, काकू, पण तुमचं घर जवळ पडतं. मी म्हणाले, घर कसलं, तो गोठा आहे, आम्ही गावात राहतो. मोजायला माणसं आली त्या दिवशी मी चूल बाहेर काढली, भांडी गवतात लपवली आणि स्वयंपाकघरात गाय बांधली. आमच्याकडे तेव्हा एकच गाय. एका गायीचा काय गोठा दिसतो! म्हणून धाकटीकडे गेले. म्हणाले, आमची एकटी चरत नाही, तुझी दोन दिवस दे. तिने दिली. दावं स्वतः माझ्या हातात दिलं. तिच्या गायीने तिचा पंखा माझ्या वावरात आला.

आमचे मालक, मुलाचा बाप, तेव्हा होते. त्यांनी ते घर स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. फरशीचा एकेक दगड घासून बसवला होता. ते म्हणाले, "घराला गोठा म्हणू नये." एवढंच. मी म्हणाले, "शब्दाने काय छप्पर उडतं?"

धाकटीला दोन महिन्यांनी कळलं. सोळा वर्षं आम्ही बोललो नाही. पाच वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, तेव्हाही मी बाहेरच्या बाहेर बसून आले.

सूनबाईने टायरवर नखाने एक रेघ ओढली. मग म्हणाली, "आता तपासनीस विचारेल, तुम्ही राहता कुठे. गावात आपलं कोण आहे?"

कोण आहे ते तिलाही माहीत होतं.

धाकटीच्या अंगणात मी गेले तेव्हा ती शेंगा फोडत होती. तिने मान वर केली नाही. बसायला पाट नव्हता, मी उभी राहिले. माझे गुडघे उभं राहण्यातले नाहीत आता. ती एक शेंग फोडायची, दाणे सुपात, टरफल पायाशी. चांगल्या वीस-पंचवीस शेंगा झाल्या.

"जाऊबाई वाट चुकल्या वाटतं," ती सुपाला म्हणाली.

"काम आहे."

"ते दिसतंच आहे. काम नसताना मोठी माणसं कुठे येतात!"

मी सांगितलं. पंखा, फोटो, तपासनीस. शेवटी म्हणाले, "मी तुझ्याकडे राहते असं त्याला सांगशील?"

तिने सूप खाली ठेवलं. "खोटं मी बोलणार नाही."

"मग राहू दे." मी वळले.

"वळू नका. ऐका. खोटं बोलणार नाही म्हणाले. राहायला या. तुम्ही, मुलगा, सूनबाई. भांडी घेऊन या. मग मी सांगेन." ती उठली, पदराला हात पुसले. "पण आधी सांगा माझी गाय कशाला नेली होती."

"तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. यांना ठाऊक नाही." तिचे मजूर शेंगांच्या ढिगाभोवती बसले होते, सहा-सात जणं. त्यांचे हात थांबले होते. "सोळा वर्षं तुम्ही गावभर सांगितलंत, धाकटीच्या वावरात वाराच नव्हता. मोठ्याने सांगा. वारा आहे, ऐकू जायला हवं."

मी सांगितलं. माझा आवाज तसा दणकट, पण तेव्हा तो निघेना. दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा एका मजुराने खोकून हसू गिळलं. धाकटीचा चेहरा काही खुलला नाही. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल.

"ती गाय परत आली तेव्हा तिच्या पाठीवर काजळी होती," ती म्हणाली. "चुलीच्या भिंतीला घासली होती ना. मी धुतली. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी." मग घरात वळून म्हणाली, "या आत. चहा घ्या. उभ्याने नको, लोक म्हणतील जावेला बसायला सांगितलं नाही."

चौथ्या दिवशी तपासनीस यायचा होता. तीन दिवस आम्ही आमचं घर उपसलं. चूल, पलंग, पेट्या, मालकांचा फोटो, आरसा. दोरी सोडली, निळी चादर घडी करून धाकटीकडे पाठवली. भिंती ओरबाडल्या. स्वयंपाकघर तरी स्वयंपाकघरच दिसत होतं. मी घमेल्यात शेण आणलं आणि भिंतीवर फेकलं, मूठभर मूठभर, जिथे मसाल्याच्या फळ्या होत्या तिथे. पहिली मूठ फेकताना हात मागे राहिला. दहाव्या मुठीला काही वाटेना. ते जास्त वाईट होतं.

फरशीवर गायीचे खूर घसरायला लागले. थोरली गाय दारात चारही पाय ताणून उभी राहिली, आत येईना. मुलाने दावं ओढलं, सूनबाईने मागून रेटलं. ती पुढच्या गुडघ्यांवर पडली, हंबरली, आणि मालकांच्या घासलेल्या दगडावर रक्ताची रेघ ओढली गेली. मग वाळू पसरली.

तपासनीस आपल्याकडचाच होता, फक्त काम तिकडच्यांचं. बूट नवे, बोलणं गोड. त्याच्या हातातल्या यंत्रातून लाल ठिपका निघून पंख्याच्या खांबावर जाऊन बसला. "एकशे नव्वद मीटर," तो म्हणाला आणि लिहिलं. मग आत आला. नाकाला रुमाल लावला. मला बरं वाटलं.

"फरशी फार गुळगुळीत आहे हो, गोठ्याच्या मानाने."

"आमच्या गायींना नखरे आहेत."

"हा कोपरा काळा दिसतो."

"डासांना धूर करतो. कंपनी येते का मच्छरदाणी लावायला?"

तो दारापाशी थांबला. चौकटीवर आडव्या रेघा होत्या, एकावर एक, खिळ्याने कोरलेल्या. सगळं घासलं आणि त्याच राहिल्या. मुलाच्या वाढदिवसाला मालक त्याला चौकटीला टेकवून उभा करायचे आणि रेघ ओढायचे. तपासनीसाने बोटाने एकेक रेघ मोजली.

"हे काय?"

मुलगा माझ्या मागेच उभा होता, जाकीट घालून.

"वासरांची उंची," मी म्हणाले.

त्याने सगळ्यात वरच्या रेघेला हात लावला. त्याच्या कपाळाच्या वर होती ती. "एवढं उंच वासरू?"

"बैल झाला पुढे."

मागे मुलगा चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकला. बराच वेळ वर आला नाही.

"आणि तुम्ही सगळे राहता कुठे?"

धाकटी बांधावरून आली होती आणि दाराबाहेर उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पायच धरले असते. वरच्या वावरात ते मोडकं पातं वाऱ्याने कुरकुरत होतं. तिने घसा साफ केला.

"माझ्याकडे राहतात," ती म्हणाली. "माझ्या चुलीवर जेवतात आणि मीठ जास्त झालं म्हणून मलाच बोलतात."

"कधीपासून?"

"मला तर फार वर्षं झाल्यासारखं वाटतं, साहेब."

तो हसला. त्याच्याही घरी तशी कोणीतरी असावी. कागदावर लिहिता लिहिता म्हणाला, "जनावरं?"

"चार."

"चार," त्याने लिहिलं.

पंचाचा निकाल पाच महिन्यांनी आला. सूनबाईने धाकटीच्या ओट्यावर बसून वाचला. पंखा कंपनीने उतरवावा, पाया उकरावा, विहीर साफ करून द्यावी. आम्ही जिंकलो. शेंगा फोडणारे मजूर उठून बघायला आले. मुलगा जाकिटाची पट्टी दाबून बसवत होता, नेहमीची सवय. सूनबाई पुढे वाचत होती आणि तिचा आवाज हळू झाला. पंखा उतरेपर्यंत अडीचशे मीटरच्या आत कोणा माणसाने मुक्काम करू नये. गोठ्यातल्या चार जनावरांना हरकत नाही. जनावरांचं करायला माणसाने सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास आत जावं. त्याची नोंद ठेवावी.

"आणि कधी उतरवणार?" मी विचारलं.

कंपनी त्यांच्याकडच्या वरच्या कोर्टात गेली होती. वकीलबाई म्हणाल्या, दीड वर्ष, दोन वर्षं. इथली त्यांची शाखा त्यांनी दिवाळखोर म्हणून जाहीर केली आहे. शिवाय एवढी मोठी क्रेन यायला आता रस्ता राहिलेला नाही, तो कोणी करायचा यावर वेगळा तंटा आहे. "पण निकाल आपल्या बाजूने आहे, आजी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, निकाल भिंतीला टेकवून ठेवते, त्याला पाठ लावून बसता येईल.

कंपनीने एक गोष्ट मात्र लगेच केली. मुलाला पत्र पाठवलं. त्याची नोकरी चालू आहे असं कोणीतरी शेवटी लिहून कळवलं. पंख्याभोवती दोरी बांधायची, तिला लाल फडकी लावायची आणि आत माणूस जाऊ द्यायचा नाही. रोज संध्याकाळी वहीत लिहायचं, आत माणूस नाही, आणि खाली सही. दोरी आमच्या अंगणाच्या अलीकडून गेली, घर आत राहिलं. तो ती बांधत होता तेव्हा मी बघत होते. गाठी बापासारख्याच घट्ट मारतो.

धाकटीकडे दिवस काढले. ती कधी टोचून बोलली नाही, त्याचाच मला जाच झाला. मीठ मागावं लागतं. झाकण कुठल्या डब्याचं ते विचारावं लागतं. हंडा उचलला की म्हणते, राहू द्या जाऊबाई, तुम्ही बसा. मी कधी कोणाच्या घरी बसले नाही. धुतलेला चारा, उकळलेलं पाणी असं करत दूध परत केंद्रावर चालू झालं, पण गायी आटत चालल्या. तासाभरात जायचं, शेण काढायचं, धारा काढायच्या, निघायचं. माझ्या स्वयंपाकघरात बादली घेऊन बसले की गाय मान वळवून माझ्याकडे बघायची, पाहुणी आल्यासारखी. मालकांच्या फरशीवर आता शेण इतकं वाळलं होतं की दगड कुठला ते कळत नव्हतं. शब्दाने छप्पर उडत नाही म्हणाले होते मी. नाही उडत. छप्पर तिथेच आहे.

मग पुन्हा वाऱ्याचे दिवस आले. पंख्याला अडीच पाती. अर्धं पातं वाऱ्याने वर व्हायचं आणि धप्पकन खाली यायचं. तो आवाज धाकटीच्या ओट्यावरही पोचायचा. दुसऱ्या आठवड्यात मी संध्याकाळच्या धारेला निघाले तेव्हा बादलीत निळी चादर घातली. वर झाकण ठेवलं. सूनबाईने बघितलं. तिने माझ्या खांद्यावर आपली शाल टाकली आणि आत गेली.

धारा काढल्या. दूध दोरीपाशी ठेवून आले. मग आत गेले, चूल होती तिथली वाळू पायाने बाजूला केली, थोरल्या गायीला जरा सरकवलं आणि चादर अंथरली. गाय ऊन होती. बसल्यावर पाठ तिच्या पोटाला टेकली. वर पातं धप्प करत होतं. प्रत्येक वेळी गायीच्या अंगातून काटा सरकत जायचा, तो माझ्या पाठीला कळायचा.

उजेड होता तोवर मुलाने वाट बघितली. मग दोरीपाशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात वही होती.

"आई. तास झाला."

"ऐकलं."

"बाहेर ये."

"नाही येत."

"आई, ते पातं आज राहणार नाही. बघ तरी वर." त्याने दोरी मुठीत धरली होती. तो ओलांडून आला नाही. आत माणूस जायचा नाही, त्यात तोही आला. "काकू काही बोलल्या का?"

"तिचं नाव घेऊ नकोस. ती देवमाणूस आहे. मला देवमाणसांत राहायची सवय नाही."

"मला रोज सही करावी लागते गं. आत माणूस नाही म्हणून. मी काय लिहू?" त्याचा आवाज फाटला. एवढा मोठा माणूस, चौकटीवरच्या सगळ्या रेघा ओलांडून गेलेला. "खोटं लिहू?"

वारा मधे आला. मी थांबले. मग दारातून दिसेल अशी सरकले आणि थोरल्या गायीच्या गळ्यावर हात ठेवला.

"खोटं कशाला लिहितोस," मी म्हणाले. "आत माणूस नाही असंच लिही. फक्त जनावरं चार लिहितोस ना, तिथे आजपासून पाच लिही."